गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून व त्याची न झालेली चौकशी

मराठी राज्याच्या अखेरच्या वर्षांविषयीं ज्यांनीं ज्यांनीं लिहिलें आहे त्या बहुतेकांनीं गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाची हकीकत दिली आहे. परंतु ती देतांना प्रत्येकाची दृष्टि पुढें होणाऱ्या पुण्याच्या तहाकडे व खडकीच्या लढाईकडे लागलेली असते. शास्त्री पंढरपुरीं मारले गेले, त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या हवालीं झाला, तो ठाण्याच्या किल्ल्यांतून पळाला, आणि त्या पळण्यांतून पेशवाईचा शेवट ओढवला, ही सांखळी इतक्या वेळां जोडण्यांत आली आहे कीं, तिच्या पहिल्या दुव्यांत एक मनुष्य मारला गेला होता, त्याला बायको होती, मुलगा होता, पदरीं कारकून व हुजरे होते, आणि या मंडळींची एक साधी मागणी होती, हें वाचकांच्या ध्यानांतून निघून जातें. मागणी एवढीच कीं, खून कोणी केला व कोणी करविला याची चौकशी, ज्याच्यावर संशय आहे त्याच्या हातून न होतां, दुसऱ्या कोणाकडून तरी व्हावी. या मागणीचें पुढें काय झालें, एवढ्यापुरताच विचार आम्ही येथें करणार आहों.

या प्रकरणाचीं साधनें बहुतांशीं एका बाजूचीं आहेत हें प्रथम सांगितलें पाहिजे. मुख्य आधार म्हणजे पुण्याचा रेसिडेंट मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे खलिते. ग्रँट डफ यानें आपल्या इतिहासांत जी तपशीलवार हकीकत दिली आहे तिचा ओघही त्याच दिशेचा आहे. आणि ग्रँट डफ हा पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्याच नेमणुकीनें साताऱ्यास आलेला अधिकारी, हें विसरून चालणार नाहीं. शास्त्र्यांच्या माणसांच्या तोंडचें जें कांहीं आपणांस मिळतें तें मराठींत बोललेलें, इंग्रजींत उतरलेलें, आणि आज आपण पुन्हा मराठींत आणतों असें आहे. शिवाय उतरून घेणारा स्वतः वादांतला एक पक्ष होता. याचा अर्थ ती साक्ष टाकून द्यावी असा नव्हे. साक्षीदारांची भीति, त्यांचें घाईनें बोलणें, एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर त्यांचें अडून बसणें, हें त्या इंग्रजी कागदांतूनही दिसतें, आणि बनावट साक्षींत असा प्रकार सहसा आढळत नाहीं.

शास्त्री पुण्यास कां आले तें थोडक्यांत सांगतों. पेशवे व गायकवाड यांच्यामधील देण्याघेण्याचे हिशेब पुष्कळ वर्षें तुंबले होते, आणि अहमदाबादच्या इजाऱ्याची मुदत १८१४ मध्यें संपत होती. तो इजारा गायकवाडांकडेच पुढें चालावा व हिशेबांचा निकाल लागावा, यासाठीं बडोदे दरबारानें शास्त्र्यांस पाठविलें. त्यांच्या जीविताची हमी इंग्रजांनीं घेतली होती. म्हणजे वकील गायकवाडांचा, यजमान पेशवा, आणि जामीन कंपनी सरकार, असा हा तिहेरी मामला होता. शास्त्री बडोद्यास मेजर वॉकर याच्या वेळेपासून इंग्रजांच्या मर्जींतले. हिशेबांत वाकबगार व संस्कृत विद्येंत निपुण असून चालण्याबोलण्यांत इंग्रजांची नक्कल करण्याची त्यांस हौस होती. जलद चालावें, जलद बोलावें, दुसऱ्याचें वाक्य मध्येंच तोडावें, असा त्यांचा खाक्या असल्याचें खुद्द एल्फिन्स्टननें गमतीनें लिहिलें आहे. बाजीरावास हा मनुष्य पहिल्यापासून नको होता, व त्याची नेमणूक मान्य करण्यास त्यानें आढेवेढेही घेतले. इजारा तर १८१४ च्या अखेरीस त्र्यंबकजी डेंगळे याच्याच नांवानें झाला.

काम होत नाहीं असें पाहून शास्त्री बडोद्यास परत जाण्याच्या बेतांत आले, तेव्हां दरबारचा रंग पालटला. त्र्यंबकजीनें त्यांची स्तुति आरंभली. पेशव्यांची कारभारी होण्याची आशा दाखविण्यांत आली. पेशव्याच्या मेहुणीचें लग्न शास्त्र्यांच्या मुलाशीं करावें असें ठरून नाशकास तयारीही सुरू झाली. शास्त्री या मोहांत सांपडले. पेशव्यांचें देणें फेडण्याकरितां सात लाखांचा मुलूख तोडून देण्याची गोष्ट त्यांनीं बोलण्यांत आणली, पण फत्तेसिंगराव गायकवाड ती मान्य करीनात. तेव्हां शास्त्र्यांनीं लग्नाची गोष्ट मागें घेतली. बाजीरावाच्या वाड्यांतील वर्तनाविषयीं जें बोललें जात होतें त्यामुळें आपल्या कुटुंबास तेथें जाऊं देण्याचेंही त्यांनीं नाकारलें. या दोन गोष्टींचा राग किती व कोणास आला, हा पुढील सर्व वादाचा गाभा आहे. ज्यानें लग्नाची तयारी करून ती मोडलेली पाहिली त्या यजमानाचा अपमान खराच झाला होता. पण घरच्या बायकांच्या अब्रूविषयीं सावध राहणाऱ्या गृहस्थाला दोष देण्यासही आमची लेखणी धजत नाहीं.

१८१५ च्या आषाढी यात्रेस पेशव्यांची स्वारी पंढरपुरास गेली व शास्त्र्यांसही आग्रह करून नेण्यांत आलें. त्यांचे सहकारी बापू मैराळ बरोबर नव्हते. एल्फिन्स्टन वेरूळचीं लेणीं पाहण्यास गेला होता. खुनाची तारीख छापील ग्रंथांत कोठें १४ जुलै तर कोठें २० जुलै अशी आढळते; यात्रेचे दिवस होते व वेळ रात्रीची होती, याविषयीं मात्र दुमत नाहीं. ग्रँट डफनें दिलेला प्रकार असा: शास्त्र्यांस ज्वर वाटत होता, म्हणून त्यांनीं देवळांत जाण्याचें टाळलें. त्र्यंबकजीकडून पहिला निरोप आला, त्यास नकार गेला. गर्दी आतां ओसरली आहे, थोडीं माणसें घेऊन दर्शनास यावें, असा पुन्हा निरोप आला. अखेरीस, वारंवार नकार दिल्यानें वाईट दिसेल म्हणून, शास्त्री मोजक्या व निःशस्त्र माणसांसह निघाले. वाटेंत गर्दींतून एकानें विचारलें कीं, यांत शास्त्री कोणता. दुसऱ्यानें उत्तर दिलें कीं, गळ्यांत कंठी आहे तो. हें शास्त्र्यांच्या एका माणसानें ऐकलें, पण त्या वेळीं त्यास त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. मोठ्या माणसाकडे बोट दाखविणें यात्रेंत चालतच असतें. दर्शन झालें, त्र्यंबकजीशीं दोन शब्द बोलणें झालें, आणि शास्त्री परत फिरले. थोड्या अंतरावर मागून तीन माणसें, कोणा थोराची वाट मोकळी करीत असल्यासारखीं, धांवत आलीं. त्यांच्या हातांत पिळलेलीं वस्त्रें होतीं व त्यांखालीं तरवारी होत्या. एकानें पहिला वार केला, दुसऱ्यानें शेंडी धरून खालीं पाडलें. समोरून आणखी दोघे आले. बरोबरची माणसें कांहीं जखमी झालीं, कांहीं पळालीं. मारेकरी नागव्या तरवारी घेऊन देवळाच्याच बाजूस पळत गेले, हें पाहणारा साक्षीदार होता.

या हकीकतींतील कंठीची गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. मारेकऱ्यांना शास्त्र्यांचा चेहरा ठाऊक नव्हता. अर्थात् ते शास्त्र्यांचे जुने वैरी नसून दुसऱ्याचे पाठविलेले होते. खून करविणारा कोण, या प्रश्नाला ही गोष्ट उत्तर देत नाहीं. पण करविणारा कोणी तरी होता, एवढें ती निश्चित करते.

दुसऱ्या दिवशीं शास्त्र्यांचीं माणसें कोणाकडे गेलीं? त्र्यंबकजीकडे. याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. पेशव्यांचा कारभारी तो, यात्रेचा बंदोबस्त त्याचा, फिर्याद ऐकण्याचा अधिकार त्याचा. ज्याच्या निरोपावरून धनी घराबाहेर पडला त्याच्यापुढेंच धन्याच्या खुनाची दाद मागण्याची पाळी त्या मंडळींवर आली. त्र्यंबकजीनें गोड शब्दांत उत्तर दिलें कीं, शोध करूंच, पण संशय घ्यावा तरी कोणावर; शास्त्र्यांना वैरी थोडे नव्हते; गुजराथेंत सीताराम आहे, इकडे कान्होजी गायकवाड आहे. त्यापलीकडे पंढरपुरांत कांहीं झालें नाहीं. मारेकऱ्यांचा पाठलाग झाला नाहीं, यात्रेंतील लोकांची झडती झाली नाहीं, कोणास धरलें नाहीं. उलट पेशव्याच्या स्वतःच्या भोंवतालचा पहारा मात्र वाढला. क्षेत्रस्थानीं, यात्रेच्या दिवसांत, ब्राह्मणाची हत्या, तीही परदरबारच्या वकिलाची! पेशव्यांच्या राज्यांत याहून मोठा गुन्हा कल्पणें कठीण. आणि गांवांतील एखाद्या चोरीची जेवढी विचारपूस होते तेवढीही या गुन्ह्याची झाली नाहीं.

अशा स्थितींत शास्त्र्यांच्या मंडळींस उरलेला मार्ग एकच होता, व तो त्यांच्या जामिनदाराचा. एल्फिन्स्टनला वेरुळास बातमी कळतांच त्यानें पेशव्यास चौकशी करण्याविषयीं लिहिलें व तो पुण्यास परतला. बाजीरावही आगस्टांत बंद पालखींतून पुण्यास आला. ज्या राजास आपल्या राजधानींत प्रवेश करतांना पालखीचे पडदे सोडावे लागतात, त्याच्याविषयीं प्रजेंत काय बोललें जात असेल हें सांगण्यास बखरकार नको. रेसिडेंटानें जबान्या जमविल्या, त्यांवरून त्र्यंबकजीवर उघड आरोप ठेवला, आणि त्र्यंबकजी, गोविंदराव बंधूजी व भगवंतराव गायकवाड या तिघांस कैद करण्याची मागणी केली. बंधूजी व भगवंतराव हे पुण्यांतील गायकवाडी मंडळींपैकीं शास्त्र्यांच्या विरुद्ध पक्षाचे होते. खुद्द पेशव्यावर मात्र त्यानें आरोप ठेवला नाहीं. पेशव्यास कारभाऱ्यानें फसविलें, अशी सोईची भाषा त्यानें पहिल्यापासून धरली. ही भाषा मुत्सद्याची होती, न्यायाधीशाची नव्हती.

आतां जो वाद पडला तो या प्रकरणाचें मर्म आहे. बाजीरावाचें म्हणणें, आधीं पुरावा दाखवा, मग कैद करूं. एल्फिन्स्टनचें म्हणणें, आधीं कैद करा, मग पुरावा पुढें येईल; त्र्यंबकजी मोकळा व अधिकारावर असेपर्यंत कोण साक्षीदार तोंड उघडील? वरवर पाहतां बाजीरावाचें बोलणें न्यायाला धरून दिसतें, आणि आमच्याकडील कित्येक लेखकांनीं तें तसें मानलेंही आहे. परंतु मराठेशाहींतील न्यायपद्धति ज्यांनीं कागदपत्रांतून पाहिली आहे त्यांस हें समर्थन पटणार नाहीं. साध्या वतनाच्या तंट्यांत सुद्धां मजालस बसण्यापूर्वीं दोन्ही पक्षांकडून राजीनामे व जामीन घेण्याची वहिवाट होती. प्रतिवादी हाजिर राहील, साक्षीदारांस उपद्रव देणार नाहीं, एवढी हमी घेतल्यावांचून निवाड्यास आरंभ होत नसे. पाटिलकीच्या मानपानाकरितां जी काळजी घेतली जाई ती एका वकिलाच्या खुनांत घ्यावयाची नाहीं, आणि आरोपी तर मुख्य कारभाराच्या गादीवर बसलेला, ही पेशवाईची जुनी रीत नव्हती. म्हणून रेसिडेंटानें मागितलें तें परकी वाटलें तरी मूळच्या रिवाजाविरुद्ध नव्हतें. त्यानें मागितलें यांत आपल्या लोकांस बोंचणारें जें होतें तें निराळेंच होतें: पेशव्याच्या नोकराविरुद्ध फिर्याद ऐकण्याचा अधिकार परक्याकडे जात होता.

पुण्यास असा प्रसंग नवा नव्हता. भाद्रपद शुद्ध १३ शके १६९५, म्हणजे ता. ३० आगस्ट १७७३ रोजीं, शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनीं खून केला. त्या वेळींही ज्याच्यावर संशय तोच गादीवर बसला होता, व मारल्या गेलेल्याची गरोदर विधवा गंगाबाई त्याच्याच सत्तेखालीं होती. फरक एवढाच कीं, तेथें रामशास्त्री प्रभुणे होते. त्यांनीं रघुनाथरावाच्या अमलांत असतांनाच तपास केला, दोष कोणाकडे जातो तें ठरविलें, व त्याच्या तोंडावर तें सांगून अधिकार सोडला. या प्रसंगाचीं भाषणें मागाहून पुष्कळ रंगविलीं गेलीं आहेत, पण गाभा खोटा नाहीं. पुढें बारभाईंनीं गंगाबाईस पुरंदरावर नेलें, १८ एप्रिल १७७४ रोजीं तेथें सवाई माधवराव जन्मले, आणि नारायणरावाच्या मारेकऱ्यांचा शोध हा कारभाऱ्यांच्या राजकारणाचा भाग झाला. म्हणजे तेथेंही न्याय व पक्ष यांची सरमिसळ झालीच. तथापि मूळ निर्णय राजकारणाच्या आधींचा होता, आणि ज्यानें तो दिला त्याला त्यापासून मिळवावयाचें कांहीं नव्हतें. १८१५ सालीं असा मनुष्य पुण्यांत नव्हता. ज्या रघुनाथरावास रामशास्त्र्यांनीं दोषी धरलें त्याचा मुलगाच आतां पेशवा होता, हा योगायोग त्या काळच्या वृद्ध पुणेकरांच्या नजरेंतून सुटला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

येथें एक गोष्ट जातां जातां सांगण्यासारखी आहे. खुनाची फिर्याद ही सरकारची, नातलगांची नव्हे, हा दंडक इंग्रजांनीं आपल्याबरोबर येथें आणला असें समजण्याचा प्रघात आहे. परंतु खुद्द इंग्लंडांत त्या वेळीं नातलगांचा जुना हक्क कायद्याच्या पुस्तकांत जिवंत होता. १८१७ च्या मे महिन्यांत वॉरिकशायर परगण्यांत मेरी ॲशफर्ड या तरुणीचा मृतदेह एका डबक्यांत सांपडला. अब्राहाम थॉर्नटन याच्यावर खटला होऊन आगस्टांत पंचांनीं त्याला निर्दोषी ठरविलें. तेव्हां मुलीच्या भावानें तो जुना हक्क काढून थॉर्नटनला पुन्हा न्यायासनापुढें खेंचलें. थॉर्नटननेंही तितकाच जुना उलट हक्क काढला: द्वंद्वयुद्ध करून आपली निर्दोषता सिद्ध करण्याचा. त्यानें हातमोजा भर कचेरींत फेंकला तो नोव्हेंबर १८१७ चा महिना, म्हणजे इकडे खडकीची लढाई झाली तोच. न्यायाधीशांनीं १८१८ च्या एप्रिलांत हा हक्क मान्य केला, भाऊ अंगानें किरकोळ असल्यामुळें लढण्यास उतरला नाहीं, थॉर्नटन सुटला, आणि १८१९ सालीं पार्लमेंटानें नातलगांची फिर्याद व द्वंद्व दोन्ही रद्द केलीं. ज्या दरबारांत दिव्य करून निवाडे होत त्या दरबारास रानटी म्हणणाऱ्या इंग्रज लेखकांनीं ही गोष्ट क्वचितच आठवली आहे. आमच्या विषयाशीं तिचा संबंध इतकाच कीं, पहिला निकाल पटला नाहीं तर घरच्यांनीं दुसरा मागावा, ही कल्पना त्या पिढीस कोणत्याच देशांत विचित्र वाटत नव्हती.

बडोद्याकडे पाहिलें तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचें दिसतें. रावजी आपाजीचा दत्तक पुत्र सीताराम याची दिवाणगिरी गेली होती व शास्त्र्यांचा उत्कर्ष हा त्याच्या ऱ्हासाचा दुसरा भाग होता. पुण्यांतील बंधूजी व भगवंतराव यांचें त्याच्याशीं सूत असल्याचा इंग्रजांस संशय होता, आणि खुनाच्या सुमारास तो शिबंदी जमवीत असल्याचेंही पुढें आलें. यावरून कित्येकांनीं असा तर्क केला आहे कीं, खून बडोद्याच्या गटानें करविला व त्र्यंबकजी फुकट बळी गेला. हा तर्क सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. परंतु त्यांत एक अडचण आहे. सीतारामाच्या माणसांनीं पेशव्याच्या छावणींत, कारभाऱ्याच्या डोळ्यांसमोर, असा खून करून देवळाच्या बाजूस पळून जावें, आणि कारभाऱ्यास त्यांचा माग लागूं नये, हें संभवनीय केव्हां? कारभाऱ्यानें माग लावावयाचा नाहीं असें ठरविलें असेल तेव्हांच. म्हणजे हा तर्क स्वीकारला तरी त्र्यंबकजी सुटत नाहीं. त्याच्या दोषाचें स्वरूप तेवढें बदलतें. वारंवार गेलेल्या निरोपांचा उलगडाही या तर्कानें होत नाहीं. निरोप निर्हेतुक असतील. यात्रेंत बड्या पाहुण्यास दर्शनास बोलावणें हा आदरही असूं शकतो. पण निर्हेतुक होते तर तें सिद्ध करण्याची उत्तम जागा उघडी चौकशी हीच होती, आणि ती नको होती ती नेमकी पेशव्यालाच. आमचें मत असें कीं, त्र्यंबकजीवरील संशय बळकट आहे. तो पुराव्याच्या पदवीस पोंचला नाहीं. आणि पोंचला नाहीं याला प्रथम बाजीराव व मागाहून इंग्रज असे दोघेही कारण झाले.

बाजीरावाच्या वांट्याचा दोष वर आलाच आहे. इंग्रजांचा पाहूं. लष्कर हालूं लागलें तेव्हां पेशव्यानें सप्टेंबरच्या आरंभीं त्र्यंबकजीस अटकेंत ठेवून वसंतगडास पाठविलें, आणि ता. २५ सप्टेंबर १८१५ रोजीं तो इंग्रजांच्या हवालीं झाला. बंधूजी व भगवंतराव गायकवाडांच्या ताब्यांत देण्यांत आले. म्हणजे आधीं कैद, मग पुरावा, या रेसिडेंटाच्या सूत्रांतील पहिलें अंग पुरें झालें. साक्षीदारांस भिण्याचें कारण उरलें नाहीं. आतां शास्त्र्यांचीं माणसें, पंढरपुरचे पुजारी, पहाऱ्याचे शिपाई, सर्वांना समोरासमोर बोलावून खऱ्याखोट्याची निवड करतां आली असती, आणि तशी झाली असती तर आज आमच्यासारख्यांस तर्क लढवीत बसावें लागलें नसतें. पण मग या सूत्राच्या दुसऱ्या अंगाची कोणास आठवण राहिली नाहीं. त्र्यंबकजी ठाण्याच्या किल्ल्यांत जवळजवळ एक वर्ष होता. त्या वर्षांत त्याच्यावर खटला झाला नाहीं. त्याला न्यायसभेपुढें उभें केल्यास पेशव्याचें नांव निघणार, आणि पेशव्याचें नांव काढावयाचें नाहीं हें तर आधींच ठरलेलें. गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयरा नेपाळच्या युद्धांत गुंतलेला. आरोपी ताब्यांत आहे, दरबार नमला आहे, एवढें कलकत्त्यास पुरेसें होतें. शास्त्र्यांच्या घरच्यांस जें पाहिजे होतें तें यांहून निराळें होतें, परंतु त्यांच्या वतीनें बोलणारा जो एकटा होता त्याचें काम झालें होतें.

ता. १२ सप्टेंबर १८१६ रोजीं त्र्यंबकजी पळाला. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते. त्यांस मराठी येत नव्हतें. एका मोतद्दारानें खिडकीखालीं घोड्याची चाकरी करतां करतां मराठी गाण्यांतून बेत कळविला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे, व लोकांनीं ती मोठ्या आवडीनें सांगितली आहे. आम्हांसही त्या मोतद्दाराच्या चातुर्याचें कौतुक वाटतें. पण त्या गाण्याची गोष्ट रंगवून सांगणाऱ्यांनीं कैदी कोणत्या आरोपावरून कैदेंत होता तें सांगण्याचें बहुधा सोडून दिलें आहे. परक्याच्या पहाऱ्यांतून निसटलेला मराठा, एवढेंच त्र्यंबकजीचें रूप लोकांच्या मनांत राहिलें. शास्त्री इंग्रजांचा माणूस ठरले, आणि इंग्रजांच्या माणसाचा खून हा हळूहळू खून वाटेनासा झाला.

यानंतर शास्त्र्यांचें नांव तहाच्या मसुद्यांत येतें. १८१७ च्या मे महिन्यांत त्र्यंबकजीस एका महिन्याच्या आंत हजर करावें म्हणून सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले तारण म्हणून घेतले गेले. ता. १३ जून १८१७ रोजीं पुण्याचा तह झाला. त्याच्या पहिल्याच कलमांत पेशव्यानें कबूल केलें कीं, गंगाधरशास्त्र्यांचा खून त्र्यंबकजीनें केला अशी आपली खात्री झाली आहे. साक्ष नाहीं, उलटतपासणी नाहीं, निवाडपत्र नाहीं. तहाचें एक कलम हाच खुनाचा निकाल. ज्यानें दोन वर्षांपूर्वीं आधीं पुरावा दाखवा असें म्हटलें होतें त्यानेंच, नवा पुरावा कोणताही पुढें न येतां, ही कबुली दिली. ती खरी असो वा खोटी, जबरदस्तीनें घेतलेल्या कबुलीस आपल्या कोणत्याही जुन्या मजालशीनें मान दिला नसता. त्याच कलमान्वयें त्र्यंबकजी सांपडेपर्यंत त्याचीं बायकामाणसें ओलीस राहावयाचीं ठरलीं. शास्त्र्यांच्या विधवेस न्याय देण्याकरितां दुसऱ्याच्या बायकामुलांस अडकवून ठेवण्यांत आलें. तिनें हें मागितलें नव्हतें.

बाकीचीं कलमें चौतीस लाखांच्या मुलुखाचीं व फौजेच्या खर्चाचीं आहेत. त्यांत एक मात्र आमच्या विषयाशीं जुळणारें आहे. अहमदाबादचा इजारा साडेचार लाखांवर गायकवाडांस कायमचा मिळाला, आणि मागील सर्व हिशेबांचा निकाल सालीना चार लाखांवर तुटला. जें काम घेऊन शास्त्री १८१४ मध्यें पुण्यास आले होते व ज्यासाठीं त्यांनीं सात लाखांचा मुलूख देऊं केला होता, तें त्यांच्या मृत्यूच्या बळावर त्याहून स्वस्तांत झालें. पण १८१७ च्याच नोव्हेंबरांत गायकवाडांशीं निराळा तह करून इंग्रजांनीं अहमदाबाद स्वतःकडे घेतलें, त्यामुळें बडोद्यासही हा लाभ कांहीं महिनेच उपभोगतां आला.

१८१८ च्या जूनमध्यें बाजीराव माल्कम यास शरण गेला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्र्यंबकजी नाशिक प्रांतांत कॅप्टन स्वान्स्टन याच्या हातीं लागला. आतां पेशवा गादीवर नव्हता. ज्याचें नांव निघेल म्हणून भ्यावें असा कोणी उरला नव्हता. एल्फिन्स्टन स्वतः या मुलुखाचा कमिशनर होता, आणि नव्या राज्यांत न्याय कसा चालवावा याविषयीं विस्तृत अहवाल लिहीत होता. चौकशी करावयाची तर यासारखा काळ नव्हता. ती झाली नाहीं. त्र्यंबकजीस काशीजवळ चुनारच्या किल्ल्यांत नेऊन ठेविलें. १८२४ मध्यें त्या बाजूनें गेलेल्या बिशप हीबर यानें त्याच्या कडक पहाऱ्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. कैदी एक क्षणही पहारेकऱ्यांच्या दृष्टीआड होत नसे. शास्त्र्यांच्या मुलास बडोद्याच्या खजिन्यांतून, इंग्रजांच्या हमीखालीं, नेमणूक चालू झाली. हमी घेणारे तेच, ज्यांनीं पुण्यास जातांना बापाच्या जिवाची घेतली होती. त्र्यंबकजी १८२९ मध्यें चुनारासच वारला. शेवटपर्यंत त्याला कोणत्याही न्यायसभेनें दोषी ठरविलें नव्हतें, व निर्दोषीही ठरविलें नव्हतें.